हातचा

मी शिकवत नाही. मी पगाराच्या चिठ्ठ्या काढते.
गव्हाच्या कोठारामागे शाळा-मंडळाचं बसकं कार्यालय,
त्यातल्या मागच्या खोलीत एकोणीस वर्षं.
ओक्लाहोमाची तांबडी धूळ, खिडकी लावली तरी
कीबोर्डवर येऊन बसते.
रोज सकाळी मी तिला फुंकर घालते,
बहुधा शून्याच्या कळीवरून.

यंदा राजधानीत पगारवाढ मंजूर झाली.
रेडिओवर म्हणाले, ऐतिहासिक.
तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी
हाच शब्द त्यांनी कपातीला लावला होता.

मी आकडे भरले.
तिसरीच्या वर्गावरच्या मारिसेला ओन्तिवेरोस:
वाढ, महिन्याला चौऱ्याण्णव डॉलर.
आरोग्यविम्याचा वाढीव हप्ता, नवरा आणि दोन मुलं धरून,
एकशे पाच.
मला वाटलं माझंच चुकलं.
पुन्हा केलं. तिसऱ्यांदा कागदावर केलं.
अकरा डॉलर उणे.

मग ड्वेन टार्प्ली, विज्ञान. उणे चार.
(शनिवारी तो बँकेसमोरचं गवत कापतो,
आणि त्याचे विद्यार्थी गाडीतून जाताना
त्याला हात करतात, तोही करतो.)
शुक्रवार तर आम्ही तीन वर्षांपूर्वीच विकला,
म्हणजे बसचं डिझेल वाचावं म्हणून शाळा चार दिवसांची केली.
शुक्रवारी मुलं चर्चच्या तळघरात जेवतात.
ते जेवण कुठल्या खात्यात पडतं, मला माहीत नाही.
माझ्याकडे तरी त्याचा रकाना नाही.

बर्नडीन त्सूडल मे महिन्यात निवृत्त झाल्या.
एकतीस वर्षं. निवृत्तिवेतनाचा कागद मीच त्यांच्यापुढे ठेवला.
त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, मग विचारलं,
"आणि महागाई?"
मी म्हटलं, महागाईसाठी वेगळा ठराव लागतो.
त्या म्हणाल्या, "तिला कळवलंय का कुणी?"
आम्ही दोघी हसलो, जरा जास्तच वेळ.

इंग्रजी शिकवणारा तो उंच मुलगा,
ज्याचं नाव मी अजून यादीतून काढलं नाही,
लाल नदी ओलांडून टेक्सासला गेला.
पूल पाच मिनिटांचा.
पलीकडे तीच धूळ, तीच पुस्तकं,
वर्षाला अकरा हजार जास्त.

मारिसेला चिठ्ठी घेऊन आली तेव्हा मी तयारीत होते,
रडली तर टिश्यू, ओरडली तर दार लावायचं.
तिनं फक्त माझी पेन्सिल मागितली.
चिठ्ठी उलटी केली,
मागच्या कोऱ्या बाजूवर वजाबाकी मांडली,
मुलांना दाखवते तशी, मोठ्या, सुट्या अक्षरांत.
चारातून पाच जात नाहीत,
म्हणून शेजारच्याकडून हातचा घेतला.
"इथंच चुकतात सगळे," ती म्हणाली,
"हातचा घेतात,
आणि शेजारी एकानं कमी झाला
हे खोडून लिहायला विसरतात."

बाहेर कोठारापाशी ट्रक उभा होता,
गहू सांडत नव्हता, फक्त इंजिन चालू होतं.

माझी चिठ्ठी मी सगळ्यांत शेवटी काढते.
शिक्षकेतर हा शब्द त्या कायद्यात एकदाच आहे,
व्याख्येत. वाढीत नाही.
हप्ता मात्र शिक्षक-शिक्षकेतर असा भेद करत नाही.
मारिसेलानं ती माझ्या हातातून घेतली, वाचली,
पर्समधून चकचकीत ताऱ्यांचं पाकीट काढलं
(मला ठाऊक आहे, ती पाकिटं ती स्वतःच्या पैशानं आणते,
पावती कधी देत नाही)
आणि एक सोनेरी तारा
निव्वळ रकमेशेजारी चिकटवला.

अजून तो तिथंच आहे.
जमेत धरावा की खर्चात,
महिनाअखेर आली तरी
माझं ठरलेलं नाही.